‘बरं कर’ म्हणायचं राहिलं

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी माणसासाठी तीन तऱ्हेच्या प्रार्थना असतात. हे कुठल्या पाळकसाहेबांनी शिकवलेलं नाही, पण चार आजाऱ्यांच्या घरी जाऊन आलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. ताप असेल, हात मोडला असेल, अपेंडिक्स असेल, तर प्रार्थना असते ‘प्रभू, बरं कर’. डॉक्टरांनी घरच्यांना आत बोलावून काही सांगितलं असेल, तर ती होते ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’. आणि सगळं आटोपत आलं असेल, पाहुण्यांना फोन गेले असतील, तर तिसरी: ‘हिला तुझ्या स्वाधीन करतो’. तिसरी झाली की आम्ही बायका चहाला थांबत नाही.

भगिनी मंडळाबरोबर मी इतक्या घरांचे उंबरे झिजवलेत, की चपला काढतानाच मला कळतं आज कुठली प्रार्थना निघणार ते. म्हणून एका संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या तोंडून माझ्यासाठी तिसरी प्रार्थना निघाली, तेव्हा कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की मंडळीतल्या एका मुलीच्या आईला नुकतंच तसलंच काहीतरी निघालंय. ती मुलगी मला विचारत होती, “मावशी, आईला सांगू का नको?” मी तिला तोंडी काहीतरी उत्तर दिलं, पण ते धड जमलं नाही. बोलायला लागले की मी भरकटते. शिवणकाम करणारी बाई आहे, एका जागी बसून काम केलं की नीट होतं, म्हणून म्हटलं लिहून बघावं.

टेपचा दोष

भुकूमला रस्त्याला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. गावातल्या बायका येतात, आता सोसायट्यांमधल्याही येतात. दिवसभर दुसऱ्यांची मापं घ्यायची, स्वतःचं माप कोण घेतंय? परकराची नाडी कंबरेला करकचायला लागली तेव्हा मी आधी परकराला दोष दिला. मग एकदा टेप लावून बघितली आणि टेपला दोष दिला. जुनी टेप ताणली जाते, असं म्हणून नवी आणली. खरं तर ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मी स्वतःचेच ब्लाऊज उसवून दंडात आत घेतले, पोटाशी सैल केले आणि गप्प बसले.

गिऱ्हाइकं म्हणायची, “ताई, तब्येत सुधारली.” मी हसायचे. पण रिबू, माझी मुलगी, हिंजवडीला कंपनीत आहे, ती एका रविवारी माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, “मम्मी, तू दोन घास खातेस आणि पोट कसं काय वाढतंय?” तिनं ऐकलंच नाही. सोनोग्राफीला नेलं, तिथून आणखी तपासण्या, तिथून शहरातलं मोठं हॉस्पिटल.

बाकडं

डॉक्टर म्हणाले, “पेशंटला जरा बाहेर बसू द्या.” मी बाहेर बाकड्यावर बसले. दाराला एक उभी काच होती, तिच्यातून माझ्या नवऱ्याच्या, साळव्यांच्या, डोक्याची मागची बाजू तेवढी दिसत होती. आमचे साळवे सूसच्या एका सोसायटीत वायरमन आहेत. काही कळेनासं झालं की ते मान हलवत राहतात. त्या दिवशी त्यांची मान थांबायलाच तयार नव्हती.

बाहेर आले आणि म्हणाले, “साधी गाठ आहे. काढून टाकायची. विषय संपला.” रिबू तडक बाथरूमकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं.

आम्ही दोघं स्कूटरवर घरी निघालो. स्कूटरवर आम्ही एरवी भांडतो. मी मागून ‘हळू’ म्हणायचं आणि त्यांनी ‘मग तूच चालव’ म्हणायचं, हे लग्नापासूनचं. त्या दिवशी मी म्हणायच्या आधीच ते हळू चालवत होते. प्रत्येक स्पीडब्रेकरवर स्कूटर उभी राहते की काय असं वाटत होतं. भूगावला थांबले आणि चिकू घेतले, एकेक दाबून, निवडून. फळं आजाऱ्यालाच न्यायची असतात असं मानणारा हा माणूस. घरी पोचेपर्यंत ते माझ्याशी एकदाही भांडले नाहीत, आणि मला घाम फुटला.

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना मीच करते. साळवे नुसतं आमेन म्हणतात. आधी तसं नव्हतं. आम्हाला रिबूच्या आधी एक मुलगा झाला होता, आशिष. पाळण्यातच तापानं गेला. त्या तापात साळव्यांनी देवाकडे इतकं मागितलं, इतकं मागितलं, की घसा बसला होता त्यांचा. त्यानंतर त्यांनी काही मागितलंच नाही. घर बांधताना नाही, रिबूच्या नोकरीच्या वेळी नाही. मंडळीत येतात, शेवटच्या खुर्चीवर बसतात, आमेन म्हणतात, पंखा बिघडला असेल तर दुरुस्त करून जातात.

त्या संध्याकाळी म्हणाले, “आज मी करतो.”

माणसांशी साळवे खोटं बोलू शकतात. ‘लाईट लगेच येईल’ हे ते सोसायटीत रोजच सांगतात. पण डोळे मिटल्यावर त्यांना खोटं बोलता येत नाही. मला वाटलं, निदान दुसरी तरी असेल. ते म्हणाले, “स्वर्गीय पित्या, सुवार्ताला तुझ्या स्वाधीन करतो.”

मी डोळे उघडले. त्यांचे घट्ट मिटलेले होते. रिबूनं आमेन म्हटलं नाही. समोर ताटलीत चिकू धुऊन ठेवले होते.

सगळे गोड झाले

मी विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्या तोंडाची बाई, विचारायला काय झालं होतं? पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. सगळे गोड वागायला लागले. मंडळीत एक शांतामावशी आहेत. माझ्या ख्रिसमसच्या करंज्या तेलकट असतात असं त्या दर वर्षी, करंजी तोंडात असताना सांगतात. त्या घरी आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “सुवार्ता, तुझ्या करंज्यांची सर कुणालाच येत नाही गं.” माझ्या पोटात गोळाच आला, आधीचा होता तो वेगळा.

उपासनेत आजाऱ्यांची नावं घेतात. माझं नाव आलं की जरा जास्तच शांतता व्हायची. पोरांना आया चूप करायच्या. दुकानात अर्धवट शिवलेले ब्लाऊज होते, ते मी संपवायला लागले. नवीन घेईनाशी झाले. मशीनवर बसलं की वाटायचं, ही शेवटची बाही. डोळे मिटले की प्रार्थनेऐवजी आमची दफनभूमी दिसायची, पाण्याच्या टाकीच्या मागची, जिथं पावसाळ्यात खड्डा खणला की आत पाणी साचतं. तिथं मी कितीदा उभी राहिलेय, चिखलात चप्पल रुतवून. आता आतून कसं वाटत असेल याचा विचार करायचे.

मला देवाचा राग आला होता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण राग नव्हता. भीती होती. माझ्याविषयी सगळे बोलून बसलेत, देवसुद्धा त्या बैठकीत होता, आणि मलाच बाहेर बाकड्यावर बसवलंय, असं वाटायचं. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तोच तिकडच्या बाजूला बसलेला.

ठकूबाई

वॉर्डात सकाळ लवकर होते. मावश्या फडकं मारत येतात, सिस्टर बीपी बघतात, चहा येतो, आणि चहा झाला की दिवसभर काही नसतं. नुसती वाट बघायची. कुणाला आत नेलं, कुणाला परत आणलं, कुणाचे नातेवाईक व्हरांड्यात घोळका करून उभे आहेत, हे बघत राहायचं. घोळका दिसला की अख्खा वॉर्ड बोलायचा थांबतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर ठकूबाई होत्या. धरणाच्या मागच्या डोंगरातल्या कुठल्याशा वाडीच्या. हाडं तेवढी राहिली होती आणि पोट माझ्यापेक्षा मोठं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “माजी पोरं म्हनत्यात मला ग्यास झालाय. ग्यास कापायला पुन्यात आनत्यात व्हय? तुमाला काय सांगितलंय?”

“साधी गाठ.”

“मंग तुमची मानसं बरी हायेत. निदान गाठ तरी म्हनली.”

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेस, आल्या, बरोबर शांतामावशी. पाळकीणबाई फार मायाळू बाई आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि मी पडल्या पडल्या कुठली येते याची वाट बघत राहिले. आली. तिसरीच. मंडळीत बातमी कुठून गेली असेल ते मला कळलं. माझ्या नवऱ्याचं तोंड बघूनच गेली असणार. पाळकीणबाईंना शेजारच्या खाटेवरच्या बाईचीही दया आली असावी. डोळे न उघडताच त्या पुढे म्हणाल्या, “आणि प्रभू, या शेजारच्या भगिनीलाही आम्ही तुझ्या स्वाधीन करतो.”

“ओ बाई,” ठकूबाईंचा आवाज आला, “मला नगा कुनाच्या स्वाधीन करू. अजून हाय मी हितं.”

पाळकीणबाईंचं आमेन तोंडातल्या तोंडात राहिलं. शांतामावशींनी पदर तोंडात कोंबला. मला असं हसू आलं की पोट दुखून आलं, आणि हसता हसता रडू फुटलं ते थांबेना. त्या दोघी गेल्यावर ठकूबाईंनी अंग खाजवत विचारलं, “स्वाधीन म्हंजी काय गं?”

“देवाच्या ताब्यात द्यायचं.”

“मंग आत्तापत्तुर कुनाच्या ताब्यात हुतीस?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चहा कधी येतोय ते बघायला दाराकडे तोंड केलं.

शब्दाला शब्द

त्या संध्याकाळी साळवे डबा घेऊन आले. मी डबा बाजूला ठेवायला सांगितला. म्हटलं, “डॉक्टर काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द सांगा. पदरचं घालू नका.”

ते पायरी चुकल्यासारखे दचकले. मग म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, उघडल्याशिवाय कळणार नाही.”

“आणि?”

“एवढंच. साधी असेल. नसेलही. पसरलेलं असेल तर मग काही सांगता येत नाही, म्हणाले. पण आधी उघडायला लागेल.”

“मग मला साधी का म्हणालात?”

“तुला भीती वाटू नये म्हणून.”

“आणि देवापुढं स्वाधीन का केलंत? अजून कुणी उघडून बघितलेलं नाही, तोवर तुम्ही मला पुरून मोकळे? मला चांगलं सांगितलंत आणि त्याला वाईट सांगितलंत. खरं एकालाही सांगितलं नाहीत.”

साळवे खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभे राहिले. ठकूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन होत्या, ते मला दिसत होतं. ते म्हणाले, “मागायला भीती वाटते गं मला. आशिषच्या वेळी मागितलं होतं. आधीच देऊन टाकलं म्हणजे नंतर कुणी हिसकावून घेतलं असं होत नाही.”

मी त्यांचा हात धरला. इतकी वर्षं मला वाटत होतं, यांचा विश्वास कमी झालाय म्हणून हे गप्प असतात.

उघडल्याशिवाय कळणार नाही. हे वाक्य मी स्वतः रोज गिऱ्हाइकांना सांगते. जुना ब्लाऊज सैल करायला आणतात, विचारतात, होईल का? मी म्हणते, आत कापड किती सोडलंय ते उसवल्याशिवाय सांगता येत नाही. हे ऐकून जीव हलका झाला असं मात्र समजू नका. उलट जड झाला. मरायचं आहे हे मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं, त्यात एक आराम असतो. आता आशाही सांभाळायची होती, आणि ती भीतीपेक्षा जास्त झोप उडवते.

नेलं

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी जागी झाले तर ठकूबाईंच्या खाटेवर स्वच्छ चादर घातलेली. लुगड्याचं गाठोडं नाही, पाण्याची बाटली नाही. मी सिस्टरला विचारलं, “ठकूबाई?”

“नेलं त्यांना.”

“कुठं?”

“घरी नेलं हो,” सिस्टर म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून नाही, सलाईनकडे बघून.

आमच्यातही माणूस गेलं की नेलं म्हणतात, प्रभूनं नेलं. ठकूबाई पायानं चालत गेल्या का कशा गेल्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. फडकं मारणाऱ्या मावशींना विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. तो दिवस मी त्या पांढऱ्या चादरीकडे पाठ करून काढला.

दारापाशी

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घातला. बांगड्या काढून रिबूच्या हातात दिल्या. तिनं त्या स्वतःच्या हातात चढवल्या नाहीत, मुठीत धरून ठेवल्या. स्ट्रेचर ढकलणारे मामा घाईत होते. थिएटरच्या दारापाशी आलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, “मामा, जरासं थांबा.” आणि साळव्यांना म्हटलं, “अहो, आज मागा.”

ते नुसते बघत राहिले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्या माणसाला मी असा कधी बघितला नव्हता, मुलगा पुरतानासुद्धा नाही. मामांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, राहू दे, कशाला या माणसाच्या जिवावर उठायचं. तेवढ्यात ते म्हणाले, “बरं कर.”

प्रभू नाही, स्वर्गीय पित्या नाही, पुढं आमेन नाही. फाटक्या आवाजात नुसतं, “बरं कर तिला.” जसं दुकानदाराशी बोलावं तसं. रिबू भिंतीला टेकून रडायला लागली. मामांनी स्ट्रेचर आत ढकललं.

आत फार थंडी होती. वर मोठे दिवे, आजूबाजूला फक्त डोळे दिसणारी माणसं, आपसात कुणाच्या तरी लग्नाविषयी बोलत होती. मी घाबरले होते, दातावर दात आपटत होते, हे खोटं लिहिणार नाही. मला वाटलं होतं आत गेल्यावर मी खूप मागेन, मागण्यात मी पटाईत. पण मागणं दाराबाहेर झालेलं होतं, आणि ज्यानं केलं त्याला ते पडलं तितकं महाग मला कधीच पडलं नसतं. माझ्याकडे एकच शब्द उरला होता, ज्याला मी इतके दिवस भीत होते. ठकूबाईंचं आठवलं, आत्तापत्तुर कुनाच्या ताब्यात हुतीस. मी म्हटलं, तुझ्याच होते, आता पुढचं बघ. कुणीतरी तोंडावर मास्क धरला.

पुढे

शुद्धीवर आले, मान उचलायला गेले, तर रिबू माझ्यावर खेकसली, “हलू नकोस म्हणून सांगितलंय ना!” त्या ओरडण्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कशानंच आला नव्हता.

गाठ साधी नव्हती. हे डॉक्टरांनी मला सांगितलं, मी खुर्चीत बसले होते आणि साळवे शेजारी. बाहेर कुणी बसलं नाही. सगळी काढता आलीय असं वाटतं, म्हणाले, पण पुढचं औषध घ्यावं लागेल आणि लक्ष ठेवावं लागेल. औषधाचे महिने कसे गेले ते मी लिहीत नाही, ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांना घ्यायचं आहे त्यांना आधीच कशाला. एवढंच सांगते, केस गेले, चव गेली, आणि एक दिवस साळवे म्हणाले, “आमटीत मीठ किती घालतेस, अंदाज गेलाय तुझा.” मी भांडले. दोघंही मनापासून भांडलो. ख्रिसमसला शांतामावशींनी करंजी खाल्ली आणि म्हणाल्या, तेलकट आहे. मी त्यांना आणखी एक दिली.

त्या मुलीला मला हेच सांगायचं होतं. आईला सांग. जेवढं माहीत आहे तेवढं सांग आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग. तिच्या वाटणीची भीती तिला दे, ती तिची आहे. तुम्ही गप्प बसलात तरी तुमच्या तोंडाकडे बघून ती वाचतेच, आणि वाचताना चुकते. मी चुकले होते.

परवा माझी पुन्हा तपासणी आहे. दर वेळी तेच बाकडं, तोच वास, आणि नाव पुकारेपर्यंत तीच थंडी. या खेपेला उजव्या कुशीत ओढ लागल्यासारखं होतंय. टाक्यांची असेल. नसेलही. साळव्यांना सांगितलंय, रिबूलाही. कुणी ‘साधी असेल’ म्हटलं नाही.

आता संध्याकाळची प्रार्थना साळवेच करतात. एकदा मागायला लागले ते थांबतच नाहीत. माझी तपासणी, रिबूची कॅब, स्कूटरचं टायर, सोसायटीची लिफ्ट, सगळं सांगतात. आज फार लांबली. मी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “आणि हिला बरं कर.” आणि थांबले. माझं आमेन आलं नाही. ते वाट बघत राहिले, मग डोळे न उघडताच, घाबरल्यासारखे म्हणाले, “सुवार्ता?”

“हाय,” मी म्हटलं. “अजून हाय मी हितं.”